जाऊबाईंनी लावलेला कौल

आमच्या थोरल्या जाऊबाईंचं नाव बोंग-ची. त्याचा अर्थ, 'झालीच आहे तर पोसा'. तीन मुलींच्या पाठीवर चौथीही मुलगीच झाली, तेव्हा बापाने तोंडसुद्धा पाहिलं नाही. सुईणीने नाव विचारलं तर म्हणाला, लिहा काहीतरी. त्या काळी आमच्या ओआकांग गावात या नावाच्या पाच-सहा जणी तरी होत्या. बाकीच्यांनी पुढे कचेरीत जाऊन नावं बदलून घेतली. कोणी चांदणी झाली, कोणी कमळ. जाऊबाई नाही गेल्या. म्हणाल्या, "पोसलंय ना मला? मग आता काय पोसलंय ते बघा म्हणावं."

मी धाकटी जाऊ, ग्योक-हून. चाळीस वर्षं झाली, आम्ही दोघी खाडीकाठी एकाच पत्र्याखाली समोरासमोर बसून कालवं फोडतो. या चाळीस वर्षांत आमची जेवढी भांडणं झाली तेवढी नवऱ्याशी झाली नाहीत, कारण नवरे दिवसभर पाण्यावर आणि आम्ही एकमेकींच्या पुढ्यात. जाऊबाई हट्टी आहेत. दुसरीच्या चुलीवरच्या रश्श्यात चमचा घालून 'मीठ कमी आहे' असं सांगायची त्यांना खोड आहे. माझ्या दोन टोपल्या फोडून होतात तोवर त्यांच्या तीन झालेल्या असतात, आणि वर विचारतात, "डोळा लागला होता का गं?" तेव्हा मी त्यांचं कौतुक सांगते आहे ते काही गोडीगुलाबीने नव्हे. सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून सांगते.

सुरुवात झाली ती त्या पांढऱ्या गाडीपासून. आरोग्य केंद्राची, बायकांच्या छातीची तपासणी करणारी गाडी. वर्षातून एकदा आमच्या दर्यादेवीच्या, माझू आईच्या देवळापुढच्या पटांगणात येऊन उभी राहायची, आणि ती आली की आख्ख्या गावातल्या बायकांना एकदम कामं सुचायची. कोणाची डुकरं उपाशी, कोणाचे कपडे दोरीवर टाकायचे राहिलेले. नर्स चिंग-यी बिचारी छत्री धरून तास-तास उभी. तपासून घेणाऱ्या प्रत्येकीला साबणाचा डबा फुकट देऊ असं तिने जाहीर केलं, तेव्हा जाऊबाई चाकू खाली ठेवून उठल्या. मी म्हटलं, "जाऊबाई, साबणासाठी अंग दाखवायला चाललात?"

"अगं, अंग दाखवायचं बाईला आणि साबण मिळणार घराला. यात तुझं काय जातंय?"

साबण मिळाला, आणि दहा दिवसांनी चिठ्ठी आली. डाव्या बाजूला गाठ होती, उडदाच्या दाण्याएवढी. हाताला लागतही नव्हती. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेऊन डावी छाती काढली, मग औषधं, केस गेले, उलट्या झाल्या, सगळं झालं. आमच्याकडे या आजाराचं नाव कोणी घेत नाही. 'तिकडचं दुखणं' म्हणतात आणि आवाज खाली आणतात. ज्या घरात तो होतो त्या घरात मुलगी द्यायला लोक कचरतात. जाऊबाई मात्र घरी आल्या त्याच्या आठव्या दिवशी पत्र्याखाली येऊन बसल्या, डोक्याला फुलाफुलांचं फडकं, आणि बारा बायकांच्या देखत म्हणाल्या, "डावी बाजू सपाट झाली गं. आता टोपली कशी काखेत चपखल बसते बघा." बायकांना हसावं का रडावं कळेना. मला तर रागच आला. घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर मांडतं का कोणी?

पण पुढच्या वर्षी गाडी आली तेव्हा जाऊबाईंनी एकेकीला दंडाला धरून रांगेत उभं केलं. जी येईना तिच्या दारात जाऊन बसल्या. "डुकरं मी बघते, तू जा." "नवरा नको म्हणतो? कुठाय तो, बोलाव." त्या वर्षी त्रेचाळीस जणी चढल्या. त्यात मीही होते, कारण मला धरलेला दंड त्यांनी सोडलाच नाही.

आणि माझी चिठ्ठी आली.

आता सांगून टाकते, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. मी गावात सांगितलं, पित्ताचे खडे झालेत, काढायला चालले. माझ्या मुलाचं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांना कळलं असतं की थोरल्या सुनेलाही तेच आणि धाकट्या सुनेलाही तेच, तर त्यांनी दुसरं घर पाहिलं असतं. आम्ही जावा, आमचं रक्त काही एक नाही. पण हे लोकांना कोण समजावणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या नवऱ्याला माहीत, जाऊबाईंना माहीत, नर्सला माहीत, बस. जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "तुझं दुखणं, तुझं तोंड. मी नाही बोलायची." आणि नाही बोलल्या, एवढी बडबडी बाई, पण एक अक्षर नाही.

लग्न झालं. सून पेई-शान घरात आली, गुणी पोर. पण खोटं बोलणं सोपं असतं, निभावणं कठीण. पित्ताच्या माणसाने तळलेलं खायचं नाही म्हणून आख्ख्या आळीने माझ्या ताटावर पहारा बसवला. सून कालवांचा घावन तळायची, घरभर वास सुटायचा, आणि माझ्यापुढे पेज. तीन वर्षं मी ती पेज गिळली.

मग त्या साली, चौथ्या महिन्यात, आरोग्य केंद्राने देवळाच्या फलकावर लाल कागद लावला. नर्स चिंग-यीने तो पटांगणात मोठ्याने वाचून दाखवला. पाच वर्षांत ओआकांग आणि शेजारच्या दोन वाड्यांतल्या चारशे अकरा बायका तपासल्या. नऊ जणींना आजार निघाला. सगळ्यांचा वेळेत सापडला. नऊच्या नऊ जणी आज जिवंत आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या थांबायच्या आत बोटांवर मोजायला लागले. ही एक, ती दोन, बोंग-ची तीन... आठ भरल्या. "आणि नववी कोण गं?" माझ्या शेजारी उभी असलेली बाई मलाच विचारते. मी म्हटलं, "मला काय ठाऊक, असेल वाडीतली कोणी."

जाऊबाई त्या कागदाकडे बघत उभ्या होत्या. घरी येताना म्हणाल्या, "नऊच्या नऊ जिवंत आहेत. एवढी मोठी गोष्ट, आणि ती एका कागदावर चिकटवून ठेवायची? पाऊस आला की धुऊन जाईल. गावाला डोळ्यांनी दिसायला नको?"

"म्हणजे काय करायचंय तुम्हाला?"

"पाचव्या महिन्याच्या पंचमीला होडी वल्हवायची."

मी रस्त्यातच थांबले. पंचमीला आमच्या खाडीत दोन ड्रॅगनहोड्यांची शर्यत असते, वरच्या आळीची आणि खालच्या आळीची. त्या होड्या देवळामागच्या कोठीत झाकून ठेवतात आणि बाईने त्यांना हात लावायचा नाही. बाईचा हात लागला की होडी उलटते, मासळी रुसते, गावावर संकट येतं. लहानपणी माझा चेंडू त्या कोठीत गेला होता, तो मी तिथेच सोडला. पण खरी गोष्ट अशी होती की गेली दोन वर्षं खालच्या आळीची होडी पाण्यात उतरलीच नव्हती. पोरं सगळी शहरात कारखान्यांत. दहा वल्ह्यांना दहा पुरुष मिळेनात. एकटीच होडी खाडीत इकडून तिकडे जायची आणि लोक ओशाळल्यासारखे बघायचे.

जाऊबाईंनी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बेताने सुरुवात केली तर वल्हवणं दंडाला चांगलंच आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिलं वर्षभर जाऊबाईंना डाव्या हाताने केस विंचरता येत नव्हते. त्या हाताला त्यांनी कसं कामाला लावलं ते मी पाहिलं आहे. मग आम्ही दहा जणी जमलो. नवांपैकी सात, म्हणजे लोकांच्या हिशेबी सहा, आणि चार धडधाकट. धडधाकटांत मी. कालवांच्या तराफ्यावर दोन्ही बाजूंना पाच-पाच बसून भरतीच्या पाण्यात रोज सकाळी सराव. पहिल्या दिवशी तराफा जागच्या जागी गोल फिरला. काठावर बसलेले म्हातारे म्हणाले, "जात्यावर बसल्यात की काय?" जाऊबाई तिथूनच ओरडल्या, "दळून झालं की पीठ तुमच्याच तोंडाला फासते."

सराव ठीक, पण होडी मागायची होती देवळाच्या पंचांकडे. पंचांचे प्रमुख थिआम-तेंग. या नावाचा अर्थ 'घरात मुलगा वाढला'. तो जाऊबाईंच्याच आळीतला, त्यांच्याच ड्रॅगन वर्षातला (आमच्याकडे वर्षांना प्राण्यांची नावं असतात), दोन महिन्यांनी धाकटा. त्याच्या जन्माला गावजेवण झालं होतं. लहानपणी दोघं एकत्र खेकडे पकडायची. पुढे जाऊबाईंचं लग्न त्याच्या दोस्ताशी झालं आणि त्या दिवसापासून त्याच्या 'वहिनी' झाल्या. माणूस वाईट नाही. फक्त पाऊल टाकायच्या आधी बाप काय म्हणाला असता याचा विचार करतो, आणि बाप जाऊन तीस वर्षं झाली.

"वहिनी, दुसरं काहीही मागा," तो म्हणाला. "होडीला बाईचा विटाळ चालत नाही."

"मला विटाळ थांबून सोळा वर्षं झाली. पाहिजे तर नर्सला विचार."

पंचांपैकी एकाला चहाचा ठसका लागला. थिआम-तेंग लाल झाला. "ही रीत मी नाही केली."

"आणि कोणाच्या दारात ही रीत चालते रे? माझू आईच्या. ती काय मिशा लावून बसली आहे? पोरगीच होती ना ती? वादळात बापाला, भावांना पाण्यातून ओढून काढलं तेव्हा कोणी विचारलं होतं, बाईचा हात का लावतेस म्हणून?"

पंच एकमेकांच्या कानाला लागले. शेवटी पंच म्हणाले, ठीक आहे, आईलाच विचारू. कौल लावू. तीनदा लागोपाठ होकार आला तर होडी तुमची. नाही आला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही, तुम्हीही नाही, तुमच्या नातींनीही नाही. एकदा दिलेला कौल आमच्याकडे पुन्हा मागत नाहीत. जाऊबाई म्हणाल्या, "कबूल." मला वाटलं, हिला हात दाखवून अवलक्षण करायची हौसच आहे.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात पाऊल ठेवायला जागा नव्हती. कौलाच्या दोन लाल लाकडी फाका असतात, चंद्रकोरीसारख्या. एक बाजू सपाट, एक फुगीर. टाकल्यावर वरच्या अंगाला एक सपाट आणि एक फुगीर दिसली तर होकार. दोन्ही फुगीर तर नकार. दोन्ही सपाट पडल्या तर आई हसली, म्हणजे काहीतरी चुकलं. थिआम-तेंगने उदबत्त्या लावल्या, गुडघे टेकले आणि घाईघाईने पुटपुटला, "आई, गावातल्या काही बायका होडीत बसायचं म्हणतात, चालेल का?" आणि फाका टाकल्या.

दोन्ही सपाट.

देवळात कुजबुज झाली. कोपऱ्यातून देवळाचा म्हातारा पुजारी बोलला, "काही बायका म्हणजे कोण रे, तेंग? शाळेतलं पोर परीक्षेचा कौल लावतं तरी नाव, जन्मतारीख, घर सांगतं. तू पंचांचा प्रमुख, आणि निनावी विचारतोस? हा कौल धरत नाही, नीट विचार."

सगळ्यांना माहीत होतं की तो असा का चुकला. नावं घेतली असती तर या बायका कोण हेही सांगावं लागलं असतं, आणि 'तिकडचं दुखणं' हे शब्द त्याच्याने देवापुढे निघेनात. जाऊबाई पुढे झाल्या. "सरक. ज्याचं त्याने विचारावं."

त्यांनी गुडघे टेकले. आवाज नेहमीसारखाच, पत्र्याखाली बोलतात तसा. "आई, मी बोंग-ची. ड्रॅगन वर्षातली, तिसऱ्या महिन्याच्या नवमीची. घर खालच्या आळीत, विहिरीजवळचं. बापाला नको होते, पण जगले. चार वर्षांपूर्वी छातीचा आजार झाला, डावी छाती कापली, त्यातूनही जगले. तुझी होडी वल्हवायची आहे." मग मागे वळून म्हणाल्या, "आता तुम्ही या. आपापलं सांगा. आजाराचं बोलायची कोणाला सक्ती नाही, नाव आणि घर पुरे."

एकेक जण पुढे येऊन गुडघे टेकू लागली. कोणी आवाज चढवून बोलली, कोणी इतकं हळू की पुजाऱ्याला कान पुढे करावा लागला. पण आजार झालेल्या त्या पाचही जणींनी सांगितलं. उजवी. डावी. दोन्ही. औषधांवर आहे. चार वर्षं झाली. तीन धडधाकटांनी नाव-घर सांगितलं. दहावी मी.

मी खाली बसले. नवरा खांबाजवळ उभा होता. त्याच्या पलीकडे माझा मुलगा आणि पेई-शान. जाऊबाई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, मुद्दामच समोर मूर्तीकडे बघत होत्या, म्हणजे मला ओझं नको. नाव आणि घर सांगून उठता आलं असतं. कोणीही काही म्हणालं नसतं. पण माझू आईच्या तोंडाकडे बघून अर्धंच बोलायचं? आणि जाऊबाईंचा हा एकुलता एक कौल, तो माझ्या खोटेपणापायी फुकट गेला तर? मला तीन वर्षांत पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली, दुखण्याची नव्हे, लपवण्याची.

"आई, मी ग्योक-हून," मी म्हटलं. "घोड्याच्या वर्षातली, आठव्या महिन्याच्या द्वादशीची. घर जाऊबाईंच्या शेजारी. मला पित्ताचे खडे कधी झालेच नव्हते. नववी मी आहे."

उठायला मी फरशीवर हात टेकला. कोणीतरी काखेत हात घालून उचललं. पेई-शान. तिचे डोळे भरले होते आणि ती मला रागावत होती. "म्हणजे तुमचं पित्ताशय अजून जागेवर आहे?"

"आहे."

"मग तीन वर्षं माझ्या हातचा घावन का नाही खाल्लात? मला वाटायचं, तुम्हाला माझं रांधणंच आवडत नाही."

मी पोरीचा हात घट्ट धरून ठेवला.

जाऊबाईंनी फाका टाकल्या. एक सपाट, एक फुगीर. होकार. पुन्हा टाकल्या. एक सपाट, एक फुगीर. गर्दी पुढे सरकली. तिसऱ्यांदा टाकल्या, त्यातली एक सपाट बाजू वर करून पडली आणि दुसरी फरशीवर उडून घरंगळत गेली ती थेट देव्हाऱ्याच्या चौरंगाखाली, लाल पडद्याच्या आत. जाऊबाई तशाच गुडघ्यांवर. फाक पंचांच्या प्रमुखानेच बघायची अशी रीत. थिआम-तेंग ओणवा झाला, पडदा जरासा वर करून त्याने आत डोकं घातलं, आणि तसाच राहिला.

त्या घटकेला आत काय पडलं आहे हे फक्त त्याला दिसत होतं. 'दोन्ही सपाट' एवढे दोन शब्द त्याने म्हटले असते तर लागोपाठचे होकार तुटून विषय कायमचा मिटला असता, आणि त्याच्या बापाची रीतही राहिली असती. मी त्याच्या पाठीकडे बघत होते.

त्याने डोकं बाहेर काढलं. "कोणी हात लावू नका," म्हणाला. मग चौरंगाचा पडदा दोन्ही हातांनी धरून पार वर उचलला, मागच्या लोकांनाही दिसेल एवढा. "वहिनी, तुम्हीच बघा. सगळ्यांनी बघा. फुगीर आहे. आई हो म्हणते."

जाऊबाईंनी वाकून पाहिलं. एवढी वर्षं मी त्या बाईला ओळखते. ऑपरेशनला नेताना रडल्या नाहीत, केस गेले तेव्हा रडल्या नाहीत. तिथे फरशीला कपाळ टेकून रडल्या. थिआम-तेंग बाजूला पडदा धरून तसाच उभा, सोडावा की धरावा ते त्याला कळेना.

पंचमीला अठरा दिवस होते. खालच्या आळीची होडी कोठीतून बाहेर काढली, आमच्या हातांनी. लाकूड तडकलं होतं तिथे डिंक भरला, ड्रॅगनच्या डोळ्यांना नवा रंग दिला. पहिल्यांदा हात लावताना दहाही जणी एकदम मागे सरकल्या आणि मग आपल्यालाच हसल्या. शर्यतीच्या दिवशी खाडीचे दोन्ही काठ भरले होते. शहरातली पोरंसुद्धा आली होती, आया वल्हवणार म्हणून. घरोघर बांबूच्या पानांतले भाताचे मुटके उकडत होते. सुकाणूला थोरले भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना बायकोला 'डावीकडे, उजवीकडे' सांगायची संधी मिळाली होती आणि ते ती सोडणार नव्हते. समोर वरच्या आळीची होडी, दहा पुरुष, त्यांतले चार आमच्याच दहा जणींचे नवरे.

आमची शर्यत नुसती पुढे जायची नसते. पल्याड पाण्यात तरंगत्या पिंपावर प्रत्येक होडीचा झेंडा रोवलेला असतो. अगदी पुढे बसलेल्याने वल्हं टाकून ड्रॅगनच्या मानेवर पालथं पडायचं आणि धावत्या होडीतून तो झेंडा उपटायचा. निसटला तर वळसा घालून परत या. आमच्या पुढे जाऊबाई बसल्या होत्या.

तीन फेऱ्या झाल्या. पहिलीत पुरुष आमच्या दोन होड्या पुढे. दुसरीत दीड होडी. खोटं कशाला सांगू, त्यांचे दंड ते दंडच. तिसऱ्या फेरीतही ते पुढेच होते, पण त्यांच्या पुढच्या माणसाने झेंडा धरला आणि ओल्या हातातून काठी सटकली. काठावरून आरडाओरडा झाला. भाऊजी ओरडले, "उजवीकडे, उजवीकडे," आणि आम्ही इतकं जोरात ओढलं की माझ्या कापलेल्या बाजूपासून बोटांपर्यंत आग झाली. पुढे जाऊबाई पालथ्या पडल्या. झेंडा डाव्या अंगाला होता. केस विंचरता येत नव्हते तो हात त्यांनी लांब केला आणि काठी मुळापासून उपटून घेतली. चाळीस वर्षं धारदार कवचांतून कालवं काढणारा हात आहे तो, त्यातून काय निसटणार?

तीनपैकी एक. शर्यत पुरुषांनीच जिंकली. पण तुम्ही ओआकांगमध्ये कोणालाही विचारा, कोणती फेरी पाहिलीत म्हणून. सगळे तिसरीच सांगतात.

होडी काठाला लागली तेव्हा माणसं पाण्यात शिरली होती. त्यांत थिआम-तेंगची बायको सोआत-ली होती. अबोल बाई. पत्र्याखाली आमच्यापासून चार पाटांवर बसते आणि दिवसभरात चार वाक्यं बोलते. गुडघाभर पाण्यात उभी राहून तिने होडीची कड धरली. मला वाटलं, प्रमुखाची बायको म्हणून उतरवून घ्यायला आली आहे. ती माझ्याजवळ वाकली. "ग्योक-हून, देवळात तू बोललीस ना, त्या दिवसापासून मला झोप नाही. मलापण आहे. दीड वर्ष झालं हाताला लागतेय. यांना माहीत नाही. कोणालाच नाही."

मी जाऊबाईंकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. लोक त्यांना खांद्यावर घ्यायला आले होते, त्यांना त्यांनी कोपराने बाजूला सारलं. हातातला झेंडा माझ्या मांडीवर टाकला, होडीतून उडी मारली आणि सोआत-लीचं मनगट धरून चिखलातून सरळ नर्स चिंग-यी उभी होती तिकडे चालू लागल्या. अंगातून पाणी गळतंय, पायात चप्पल नाही. मागे मांडवातून थिआम-तेंग भोंग्यावरून विचारतोय, "बोंग-ची वहिनी कुठे आहेत? मानाचा हार घ्यायला या." कोणी गेलं नाही. शेवटी त्यानेच मान वळवून पाहिलं, पांढऱ्या टोपीच्या नर्सपाशी कोण उभं आहे ते, आणि भोंगा खाली ठेवून तिकडे धावला. हार कोणी घातलाच नाही.

गाठ लिंबाएवढी होती. आमच्यापेक्षा जास्त त्रास झाला तिला, दोनदा कापावं लागलं. नवरा दवाखान्याच्या बाकावर बसून मला विचारायचा, "वहिनी, हिने मला का नाही सांगितलं?" मी म्हटलं, "आता सांगितलं ना. बस."

यंदाच्या पंचमीला फलकावर नवा कागद आहे, दहा जणी, दहाच्या दहा जिवंत. होडीत सोआत-ली माझ्या मागच्या वल्ह्यावर बसते. अजून ताल धरता येत नाही तिला. प्रत्येक वेळी तिच्या वल्ह्याचं पाणी माझ्या पाठीवर उडतं आणि मी चिंब होऊन घरी जाते.